अकरा जणांचा संघ, शंभर वर्षांची जुळवाजुळव

फुटबॉलचा संघ जमवायला किती वेळ लागतो? आमच्या सीताबर्डीत हा प्रश्न विचाराल तर पोरे तुम्हालाच हसतील. मोदीच्या गल्लीत एकाने शीळ घातली, की दुसरा हातातले पुस्तक मिटतो, तिसरा आईची नजर चुकवून जिना उतरतो, दोन चपलांचा गोल होतो आणि दहा मिनिटांत सामना सुरू! गडी कमी पडला तर समोरच्या दुकानातला नोकर येतो. गडी जास्त झाले तर एकजण पंच होतो आणि दोन्हीकडच्या शिव्या खातो.

पण जगाच्या पाठीवर असा एक देश आहे, की ज्याला आपल्या अकरा जणांचा खराखुरा संघ जमवायला शंभर वर्षे लागली. १८९२ साली तिथे फुटबॉलची मध्यवर्ती संस्था निघाली आणि १९९२ साली त्या देशाचा पहिला सर्वांचा संघ मैदानात उतरला. मधल्या काळात खेळाडू नव्हते म्हणावे, तर ते हजारोंनी होते. चेंडू होते, चषक होते, बेभान होऊन ओरडणारे प्रेक्षक होते. नव्हती ती फक्त एका रांगेत उभे राहण्याची मुभा. तो देश म्हणजे दक्षिण आफ्रिका.

दिवाळीच्या फराळाबरोबर हा दूरदेशीचा विषय कशाला, असे वाचक म्हणतील. त्याचे असे झाले. बर्डीवर राहणाऱ्या माणसाला रस्त्याच्या कडेला मांडलेली जुनी मासिके चाळण्याची खोड असतेच. तशी ती मलाही आहे. एके दिवशी एका विलायती क्रीडा मासिकाचा जुना अंक हाती लागला. आत १९९६ सालचे एक छायाचित्र होते. एक गोरा कप्तान सोन्याचा चषक डोक्यावर धरून उभा आहे आणि शेजारी त्याच्याच संघाचा सदरा अंगात घालून नेल्सन मंडेला हसत आहेत. अंक घरी आणला. शेजारच्या वहिनींची आठवीतली लेक तो पाहता पाहता म्हणाली, “काका, देश काळ्या लोकांचा, राष्ट्राध्यक्ष काळे, मग कप्तान काहून गोरा?”

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर एका वाक्यात मावेना. ते असे लांबले.

पलटणी आणि गिरमिटिये

आपल्या कामठीला छावणी पडली ती १८२१ साली. गोऱ्या शिपायांच्या मागोमाग त्यांचे खेळही तिथे आले, आणि पुढे कामठीच्या पोरांनी फुटबॉल असा आपलासा केला, की रब्बानी क्लबचे नाव विदर्भाबाहेरही गाजले. दक्षिण आफ्रिकेतली कथा अशीच सुरू होते. १८६० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत इंग्रज पलटणींनी आणि वसाहतवाल्यांनी हा चेंडू केप टाउन आणि नाताळच्या किनाऱ्यावर आणला. बंदरे, रेल्वे, खाणी आणि मिशनऱ्यांच्या शाळा यांतून तो स्थानिक आफ्रिकी लोकांच्या पायांत गेला.

त्याच सुमारास आणखी एक मंडळी त्या किनाऱ्यावर उतरली. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ नावाचे जहाज मद्रासहून निघून दरबानला पोहोचले. त्यात उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी करारावर नेलेले आपले लोक होते. ‘ॲग्रीमेंट’चे गिरमिट झाले आणि माणसे गिरमिटिये झाली. त्यांची मुले-नातवंडे शतक संपण्यापूर्वीच दरबानच्या मोकळ्या जागांवर फुटबॉल खेळू लागली.

१८९२ साली स्थापन झालेली दक्षिण आफ्रिकी फुटबॉल संस्था मात्र फक्त गोऱ्यांची होती. मौज अशी की, परदेशी जाणारा त्या भूमीतला पहिला फुटबॉल संघ गोऱ्यांचा नव्हताच! १८९९ साली ऑरेंज फ्री स्टेटमधले सोळा कृष्णवर्णीय खेळाडू जोसेफ ट्वायी या कप्तानाबरोबर विलायतेस गेले. न्यूकॅसल, टॉटनहॅम अशा नामांकित संघांशी त्यांनी चाळीसहून अधिक सामने खेळले. बहुतेक सगळे हरले. वर्तमानपत्रांनी त्यांची थट्टाही केली. पण अनोळखी थंडीत, चिखलात, एकामागून एक सामने खेळत ही माणसे त्या बड्या संघांवर गोल करीत होती, हे विसरता येत नाही. ते तिकडे खेळत असतानाच इकडे बोअर युद्धाला तोंड लागले.

त्यानंतर १९०६ साली गोऱ्यांचा संघ दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. त्याने बारापैकी अकरा सामने जिंकले आणि एकच गमावला. जगाने तोच ‘दक्षिण आफ्रिकेचा संघ’ मानला.

सत्याग्रहींचा चेंडू

गांधीजी आणि फुटबॉल ही जोडी आपल्याला चमत्कारिक वाटते. पण १८९३ ते १९१४ या काळात दक्षिण आफ्रिकेत वावरलेल्या बॅरिस्टर गांधींना एक गोष्ट उमगली होती. सभेला शंभर माणसे येत असतील, तर सामन्याला हजार येतात! जोहान्सबर्ग, प्रिटोरिया आणि दरबान इथे सत्याग्रहींच्या नावाने फुटबॉल क्लब उभे राहिले. सामन्याच्या निमित्ताने जमलेल्या लोकांपुढे भाषणे होत, पत्रके वाटली जात, आणि जमलेला पैसा तुरुंगात गेलेल्या सत्याग्रहींच्या कुटुंबांना मदत म्हणून जाई. जोहान्सबर्गच्या मैदानावर खेळाडूंबरोबर उभ्या असलेल्या गांधीजींचे छायाचित्र आजही पाहायला मिळते.

तिथल्या भारतीयांचे फुटबॉल तोवर चांगले रुजलेही होते. सॅम चायना यांच्या नावाचा चषक १९०३ पासून सुरू झाला आणि गावोगावचे भारतीय संघ त्यासाठी झुंजू लागले. १९२१-२२ च्या हिवाळ्यात तर अल्बर्ट ख्रिस्तोफर यांच्या पुढाकाराने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचा एक संघ थेट मातृभूमीत खेळायला आला. ज्यांच्या आजोबांना बोटीच्या तळाशी बसवून नेले, ते नातू बूट आणि बिल्ले घालून भारताच्या मैदानांवर उतरले! इथे त्यांना पाहायला माणसे लोटली. परत गेल्यावर मात्र ज्या देशात ते जन्मले, त्या देशाच्या संघाचे दार त्यांना बंदच होते.

चार पाट्या, चार संस्था

पाणवठे वेगळे, पंगती वेगळ्या, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. काहींनी भोगलेही आहे. दक्षिण आफ्रिकेत तोच हिशेब चेंडूला लावला गेला. गोऱ्यांची संस्था निराळी, आफ्रिकी लोकांची निराळी, भारतीयांची निराळी, मिश्रवर्णीयांची निराळी. १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि आजवर जी रीत होती तिचा कायदा झाला. कोणी कुठे राहावे, कोणत्या बाकावर बसावे, कोणाशी लग्न करावे, हे सरकार ठरवू लागले. तिथे कोणी कोणाकडे चेंडू टोलवावा, हे तरी कसे सुटणार?

याच अंधारात १९५१ साली एक धाडसाची गोष्ट घडली. आफ्रिकी, मिश्रवर्णीय आणि भारतीय यांच्या संस्थांनी एकत्र येऊन दक्षिण आफ्रिकी सॉकर फेडरेशन स्थापन केले. दरबानचे वकील जॉर्ज सिंग हे त्यातले एक बिनीचे कार्यकर्ते. या फेडरेशनमागे देशातले बहुसंख्य फुटबॉल खेळाडू होते, आणि त्यांची मागणी एकच होती: संघ निवडताना कातडी पाहू नका. दरबानचे करीज फाउंटन हे भारतीयांचे मैदान या चळवळीचे जणू माहेरघर बनले. शनिवार-रविवारी तिथे सामने होत आणि पुढे त्याच मैदानावर राजकीय सभाही गाजल्या.

पण जागतिक फुटबॉल संघटनेने, म्हणजे फिफाने, १९५२ साली मान्यता दिली ती गोऱ्यांच्या संस्थेला. खेळाडू एकीकडे आणि शिक्का दुसरीकडे, असा तो न्याय.

नागपूर आणि खार्टूम

१४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस नागपूरकरांना सांगावा लागत नाही. पांढऱ्या वस्त्रांतली लक्षावधी माणसे त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे दीक्षाभूमीवर उभी राहिली. वेगळे बसवणाऱ्या व्यवस्थेत आम्ही यापुढे बसणार नाही, असे त्यांनी जगाला सांगितले.

त्यानंतर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी १९५७ मध्ये, सुदानच्या खार्टूम शहरी एक लहानशी बैठक भरली. इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका या चार देशांनी आफ्रिकी फुटबॉल महासंघाचा पाया घातला आणि लगेच पहिली आफ्रिकी चषक स्पर्धाही मांडली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण ज्याने पहिली पाहिली, त्याला दुसरीचा अर्थ चटकन उमगतो.

दक्षिण आफ्रिकेचे प्रतिनिधी होते फ्रेड फेल. संघ कसा आणणार, असे विचारताच त्यांनी आपल्या सरकारचे म्हणणे मांडले: एक तर एकजात गोरा संघ पाठवू, नाही तर एकजात काळा, मिसळीचा संघ मिळणार नाही. बाकीच्या तिघांनी त्याला नकार दिला. यजमान सुदान तेव्हा स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष झाले होते. तरी त्याचा कणा ताठ राहिला. दक्षिण आफ्रिका स्पर्धेतून बाहेर पडली. तिच्याशी उपान्त्य सामना खेळायचा होता तो इथिओपिया न खेळताच अंतिम फेरीत गेला, आणि तिथे इजिप्तच्या अद-दीबा या एकट्या खेळाडूने चार गोल करून चषक पळवला. जगातल्या मोठ्या क्रीडा संघटनांनी तोंड उघडण्यापूर्वीच नवजात आफ्रिकी महासंघाने वर्णद्वेषाला दाराबाहेर काढले होते.

कुलूप लावलेले मैदान

फिफाने १९६१ साली दक्षिण आफ्रिकेचे सदस्यत्व स्थगित केले खरे. पण अध्यक्ष सर स्टॅन्ली राउस हे इंग्रज गृहस्थ त्या देशाला भेट देऊन आले आणि १९६३ च्या जानेवारीत स्थगिती उठली. राजकारण आणि खेळ वेगळे ठेवा, असे त्यांचे म्हणणे. मग गोऱ्यांच्या संस्थेने एक अजब तोडगा काढला: १९६६ च्या विश्वचषकासाठी गोरा संघ पाठवू आणि १९७० च्या विश्वचषकासाठी काळा! घरातल्या दोन भावांनी एकच कोट आलटून पालटून घालावा, तसा हा प्रकार. जग हसले आणि चिडलेही. १९६४ साली टोकियोच्या अधिवेशनात आफ्रिकी व आशियाई देशांच्या मतांनी दक्षिण आफ्रिका पुन्हा स्थगित झाली.

इकडे देशात काय चालले होते? फेडरेशनने १९६१ साली वर्णभेद न मानणारी एक व्यावसायिक स्पर्धा सुरू केली. तिला हजारोंची गर्दी होऊ लागली. सरकारला हे खुपले. बंदी घालण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे मैदानच न देणे. १९६३ च्या एप्रिल महिन्यात जोहान्सबर्गच्या नाताळस्प्रेट इंडियन स्पोर्ट्स ग्राउंडवर सामना होता. माणसे आली ती पाहतात तो फाटकांना कुलपे! पण कुणी घरी गेले नाही. लोक भिंतींवरून चढले, गोलाचे खांबसुद्धा आत नेऊन उभे केले, आणि सामना झाला. त्या दिवशी कोण किती गोलांनी जिंकले, यापेक्षा तो झाला हेच मोठे. मात्र कुलपे वाढतच गेली आणि १९६६ पर्यंत ती स्पर्धा बंद पडली.

या कुलपांनी किती जणांचे आयुष्य खाल्ले, याचा हिशेब लागत नाही. दोन नावे सांगतो. स्टीव्ह मोकोने हा युरोपात व्यावसायिक फुटबॉल खेळणारा पहिला कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकी खेळाडू. तो पन्नाशीच्या दशकात इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला आणि मग हॉलंडमध्ये गाजला. दुसरा अल्बर्ट योहानेसन. १९६१ साली तो लीड्स संघात आला आणि १९६५ साली इंग्लंडच्या एफ. ए. चषकाचा अंतिम सामना खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. खेळ संपल्यावर गोऱ्या सोबत्यांबरोबर एकाच हौदात स्नानाला उतरावे की नाही, या विचाराने तो आरंभी दाराशीच थबके. विटाळाची कल्पना मनात किती खोल रुतते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. या दोघांपैकी एकालाही मायदेशाच्या संघाचा सदरा मिळाला नाही.

बेटावरची लीग

या इतिहासातले सगळ्यात विलक्षण प्रकरण तुरुंगात घडले. केप टाउनच्या समोर समुद्रात रॉबेन बेट आहे. राजकीय कैद्यांना तिथे खडी फोडायला ठेवीत. १९६४ च्या सुमारास कैद्यांनी मागणी सुरू केली: आम्हाला फुटबॉल खेळू द्या. मागणाऱ्याचे जेवण तोडले जाई. पुढच्या खेपेस दुसरा कैदी पुढे होऊन तेच मागे. असे वर्षानुवर्षे चालले. अखेर बाहेरच्या जगाचा, विशेषतः रेड क्रॉसचा, दबाव वाढला आणि १९६७ च्या अखेरीस परवानगी मिळाली.

मग कैद्यांनी काय करावे? नुसता चेंडू उडवून ते थांबले नाहीत. त्यांनी ‘मकाना फुटबॉल असोसिएशन’ स्थापन केली. मकाना हा इंग्रजांनी याच बेटावर डांबलेला एक जुना लढवय्या. सुटून जाताना तो समुद्रात बुडाला. असोसिएशनची घटना लिहिली गेली. क्लब निघाले, कुवतीप्रमाणे तीन विभाग पडले, पंचांच्या परीक्षा झाल्या. तक्रारी लेखी घेतल्या जात आणि त्यांची उत्तरेही लेखी जात. तुरुंगाच्या ग्रंथालयात फिफाच्या नियमांचे पुस्तक होते. त्यावर बोट ठेवून वाद मिटवले जात. आरंभी बहुतेक क्लब राजकीय पक्षांप्रमाणे विभागलेले होते. पण ‘मनाँग’ नावाच्या क्लबने कोणत्याही पक्षाच्या कैद्याला घ्यायचे ठरवले आणि तो पुढे सगळ्यात बलाढ्य क्लब ठरला. देशाच्या सरकारला जे जमले नाही ते कैद्यांच्या एका क्लबने करून दाखवले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

मंडेलांना मात्र निराळ्या विभागात कोंडलेले असल्याने खेळता आले नाही. खिडकीतून सामना दिसतो, हे ध्यानात येताच अधिकाऱ्यांनी आड भिंत घातली. २००७ साली फिफाने मकाना असोसिएशनला सन्माननीय सदस्यत्व दिले. घटना लिहायला, मतदान घ्यायला, विरोधकाचे म्हणणे ऐकून घ्यायला शिकलेले हे कैदी पुढे स्वतंत्र देशाचे कारभारी झाले.

बहिष्काराची वर्षे

या लढ्यात भारताने घेतलेली भूमिका अभिमानाने सांगावी अशी आहे. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत. ते साल १९४६. आणि १९७४ साली डेव्हिस चषक टेनिसच्या अंतिम फेरीत भारत पोहोचला तेव्हा समोर दक्षिण आफ्रिका होती. विजय व आनंद अमृतराज ऐन बहरात होते. तरी भारताने न खेळता चषक सोडला. तो चषक भारताला त्यानंतर आजवर मिळालेला नाही. तत्त्वाची किंमत अशी रोख मोजावी लागते.

१९७६ हे वर्ष तर मोठे विचित्र. वर्षाच्या सुरुवातीस जोहान्सबर्गला पाहुण्या अर्जेंटिनी खेळाडूंविरुद्ध एक मिश्र संघ खेळवला गेला. पाच गोलांनी तो जिंकला. त्यांतले चार गोल जोमो सोनो या सोवेटोच्या तरुणाने केले. हे एकत्र आले तर काय करू शकतील, याचे ते ओझरते दर्शन होते. पुढे १६ जूनला सोवेटोत शाळकरी मुलांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैमध्ये माँट्रिअलच्या अधिवेशनात फिफाने दक्षिण आफ्रिकेला साफ काढून टाकले. जोमो सोनो न्यूयॉर्कला पेलेच्या संघात खेळला. देशाकडून खेळायचे त्याच्या नशिबी आले नाही.

पोरं, पोरं!

१९९० साली मंडेला सुटले. चार पाट्यांच्या संस्था बोलणी करू लागल्या आणि १९९१ साली एकच संस्था उभी राहिली. ३ जुलै १९९२ रोजी फिफाने तिला घेतले. अवघ्या चार दिवसांनी, ७ जुलैला, पहिला सामना झाला. कुठे? गिरमिटियांचे जहाज जिथे लागले त्या दरबानला! पाहुणा होता कॅमेरून, म्हणजे दोनच वर्षांपूर्वी विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व फेरीत इंग्लंडला घाम फोडणारा संघ. सामना संपत आला असता पेनल्टी मिळाली आणि डॉक्टर खुमालोने ती गोलात घातली. १-०! सोवेटोच्या पत्रकारांनी लाडाने नाव ठेवले, ‘बाफाना बाफाना’. झुलू भाषेत त्याचा अर्थ, पोरं, पोरं!

पोरांना पुढे बऱ्याच ठेचा लागल्या. झिंबाब्वेने ४-१ हरवले, नायजेरियाने ४-०. तीस वर्षे जगाशी न खेळलेला संघ एका रात्रीत कसा तयार होणार? चार-चार गोल खातो म्हणून मोटारगाडीच्या नावावरून ‘फोर बाय फोर’ असे त्याचे वाभाडे निघाले.

मग आले १९९६. केनियाला झेपेना म्हणून आफ्रिकी चषकाचे यजमानपद दक्षिण आफ्रिकेकडे आले. पहिल्याच सामन्यात कॅमेरूनला ३-० हरवले. उपान्त्य फेरीत घानाची तीच गत केली. ३ फेब्रुवारीला अंतिम सामन्यात समोर ट्युनिशिया होता. ७० मिनिटे होऊन गेली तरी गोल नाही. क्लाइव्ह बार्कर या प्रशिक्षकाने मार्क विल्यम्सला बदली म्हणून उतरवले आणि त्याने दोन मिनिटांच्या अंतराने दोन गोल ठोकले. जोहान्सबर्गचे ते विशाल मैदान वेडे झाले.

चषक घेतला तो नील टोवी या गोऱ्या कप्तानाने. आता आमच्या छोट्या शेजारणीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. टोवी खेळत असे कैझर चीफ्स या क्लबकडून, आणि बचावफळीतला दुसरा गोरा गडी मार्क फिश हा ऑर्लँडो पायरेट्सचा. हे दोन्ही क्लब सोवेटोचे, कृष्णवर्णीयांच्या जिवाभावाचे! वर्णद्वेषाचे राज्य संपण्यापूर्वीच फुटबॉलच्या लीगमध्ये सरमिसळ सुरू झाली होती. फिशच्या पायाशी चेंडू आला, की हजारो काळे प्रेक्षक लांब सुरात त्याचे नाव घेत. तेव्हा कप्तानाची निवड कुणी दाखवण्यासाठी केली नव्हती. ज्या लोकांना शंभर वर्षे बाहेर ठेवले, त्यांनी आपल्याला हवा तो माणूस आत घेतला होता.

चषकानंतर

इथे गोष्ट संपवली तर ती परीकथा होईल. आणि इतिहास परीकथा नसतो. १९९६ चा चषक हा पुरुष संघाचा आजवरचा एकमेव आफ्रिकी चषक. १९९८ साली फ्रान्समध्ये ते पहिल्यांदा विश्वचषक खेळले, २००२ साली स्लोव्हेनियाला हरवून तिथला पहिला विजय मिळवला, आणि २०१० साली तर विश्वचषकच त्यांच्या अंगणात आला.

११ जून २०१० ची संध्याकाळ मला आठवते. साडेसातला सामना सुरू झाला आणि बर्डीच्या दुकानांतल्या दूरदर्शन संचांपुढे घोळके जमले. त्याच वर्षी फेब्रुवारीत आमच्या जामठ्याच्या मैदानावर दरबानच्या हशीम आमलाने, गिरमिटियांच्या गावच्या त्या भारतीय वंशाच्या फलंदाजाने, नाबाद २५३ धावा काढून आपल्याला डावाने हरवले होते. त्यामुळे त्या देशाची ओळख ताजी होती. ५५ व्या मिनिटाला त्शाबालालाने डाव्या पायाने मेक्सिकोवर जो गोल मारला, त्याने आमच्याकडच्या रस्त्यावरही टाळ्या पडल्या. सामना १-१ असा सुटला. पुढे उरुग्वेकडून हार झाली, फ्रान्सवर विजय मिळाला, पण पहिल्याच फेरीत बाद होणारा पहिला यजमान, असा डाग लागलाच.

झगमगीत मैदाने उभी राहिली, तरी वस्त्यांमधल्या अनेक शाळांना खेळायला धड जागा मिळाली नाही. कायदा एका दिवसात रद्द होतो. जमिनीची वाटणी तशी बदलत नाही. तरी अलीकडे पुन्हा उभारी दिसते. २०२२ साली त्यांच्या महिला संघाने, ‘बन्याना बन्याना’ने, म्हणजे ‘पोरी, पोरी’ने, मोरोक्कोला त्यांच्याच घरी २-१ हरवून आफ्रिकी चषक जिंकला. २०२४ च्या आरंभी पुरुष संघ आफ्रिकेत तिसरा आला. त्या स्पर्धेत रॉनवेन विल्यम्स या गोलरक्षकाने एकाच सामन्याच्या निर्णायक फेरीत चार पेनल्टी अडवल्या. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये रवांडाला ३-० हरवून हा संघ २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला.

आपल्या गावची गोष्ट

आता थोडे आपल्याकडे वळू. बर्डीपासून हाकेच्या अंतरावर हिस्लॉप कॉलेज आहे. तिथले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना २००१ साली एका पावसाळी दिवशी झोपडपट्टीतली काही पोरे फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. बादलीच्या जागी त्यांनी चेंडू दिला. पुढल्याच वर्षी झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरली, तिला १२८ संघ आले. एवढी पोरे इतके दिवस कुठे होती? इथेच होती, आपल्याच शहरात. आपण सायकली, स्कुटरी हाकीत त्यांच्या बाजूने जात होतो. त्या कामातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेत मोठा विश्वचषक झाला त्याच २०१० साली, रिओ द जानेरोला बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कप्तान होता नागपूरचा अखिलेश पॉल. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा ‘झुंड’ हा चित्रपट याच कामावर बेतलेला. अमिताभ बच्चन त्यात क्रीडाशिक्षक झाले.

आपल्याकडे कुणी मैदानाला जातीची पाटी लावत नाही, हे खरे. पण शहरातल्या मोकळ्या जागा प्रदर्शनांना, मंडपांना आणि मोटारींना गेल्या. उरलेल्यांना कुंपण आले, पास आले, फी आली. ज्याच्या घरी पैसे आहेत त्याचे पोर प्रशिक्षण वर्गाला जाते. ज्याच्या घरी नाहीत ते कुंपणाच्या तारेला नाक लावून बघते. नाताळस्प्रेटच्या लोकांनी भिंत ओलांडली, कारण भिंत त्यांना दिसत होती. आपली तार बारीक असल्याने आतल्यांच्या नजरेस ती येत नाही, एवढाच काय तो फरक.

दिवाळीत घरोघरी पोरांना नवे कपडे होतात, फटाके येतात. त्यात यंदा एक फुटबॉल आणावा. तो घेऊन आपले पोर खाली उतरले, की कोण कोण खेळायला आले ते गॅलरीतून जरूर पाहावे. आणि कामवाल्या बाईंचा मुलगा कडेला उभा दिसला, तर त्याला आत घ्यायला आपल्या पोराला सांगावे. अकरा जण जमायला मग फार वेळ लागत नाही.